पाककृतीचें ऋण

शेजारणीकडून एखाद्या पदार्थाची कृति मागून आणणें ही जगांतील सर्व स्वयंपाकघरांत चालत आलेली रीत आहे. मागणारीची त्यांत सोय होते आणि देणारीला अभिमान वाटतो. या देण्याघेण्यांत पैसा नसतो, कागदपत्र नसतें आणि बहुधा वजनमापही नसतें. "अदमासानें घाला", "रंग आला कीं उतरवा", एवढ्या सांगण्यावर पुष्कळ वेळां काम भागतें. त्यामुळें ही देवघेव क्षुल्लक वाटते. परंतु एखाद्या प्रदेशाचें सबंध जेवणच अशा देवघेवींतून उभें राहिलें असेल, तर कोणीं कोणास काय दिलें आणि दिलेल्याची नोंद कोणाच्या नांवावर झाली, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांतला घरगुती स्वयंपाक हें याचें ठळक उदाहरण आहे.

ही दक्षिण म्हणजे व्हर्जिनियापासून लुइझियानापर्यंत पसरलेला मुलूख. दोन्ही कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी हीं संस्थानें त्यांत येतात. येथील जेवण म्हणजे जिवाला विसावा देणारें जेवण, अशी त्याची ख्याति आहे. तेथें मक्याच्या कण्या मऊ शिजवून न्याहारीला घेतात. त्यांना 'ग्रिट्स' म्हणतात. मक्याच्या पिठांत ताक घालून तें बिडाच्या तापलेल्या तव्यांत भाजतात, ती 'कॉर्नब्रेड'. कोलार्ड ही कोबीच्या कुळांतली, पण गड्डा न धरणारी पालेभाजी. ती धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाबरोबर मंद आंचेवर कितीतरी वेळ शिजवितात. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं चवळी घालून भात करतात. त्याला 'हॉपिन जॉन' असें गमतीचें नांव आहे. त्या दिवशीं चवळी खाल्ली कीं वर्ष भाग्याचें जातें, आणि पालेभाजी खाल्ली कीं हातांत पैसा खेळतो, अशी समजूत आहे. मका, चवळी, भेंडी, ताक, तांदूळ, रताळीं या यादींत मराठी गृहिणीला अनोळखी असें फारच थोडें आहे.

या पदार्थांवर तेथील लोकांचें प्रेम किती आहे याची एक मौजेची गोष्ट आहे. कोलार्ड शिजवून उरलेल्या पाण्यांत कॉर्नब्रेड बुडवून खावी कीं कुस्करून खावी, यावर १९३१ सालीं लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटा येथील एका वृत्तपत्राचे संपादक ज्यूलियन हॅरिस यांच्यांत जाहीर वाद जुंपला. गव्हर्नरसाहेब बुडविण्याच्या बाजूचे होते, संपादक कुस्करण्याच्या. देशांत मंदीनें हाहाकार माजला असतांही लोकांनीं हा वाद चवीनें वाचला. गरिबाच्या घरचें तें पाणी होतें, आणि त्याची चव श्रीमंतालाही ठाऊक होती.

आतां हे जिन्नस आले कोठून, तें पाहावें. मका हा अमेरिकेंतील मूळ रहिवाशांचा. गहू आणि डुक्कर युरोपांतून गेलेल्या वसाहतवाल्यांनीं नेले. चवळी आणि भेंडी आफ्रिकेंतून आलीं, आणि तीं ज्यांच्या ओळखीचीं होतीं तीं माणसें गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेलीं होतीं. व्हर्जिनियांत असे पहिले आफ्रिकन लोक १६१९ सालीं उतरविण्यांत आले. गुलामगिरी कायद्यानें सर्व देशांत बंद झाली ती १८६५ सालीं. मधल्या जवळजवळ अडीचशें वर्षांत दक्षिणेंतील मोठ्या घरांच्या चुलीपुढें बहुधा आफ्रिकन वंशाची बाईच उभी असे. कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील भातशेती ज्यांच्या श्रमावर चाले, त्यांतले पुष्कळजण पश्चिम आफ्रिकेंतील भात पिकविणाऱ्या मुलखांतूनच आणलेले होते. म्हणजे त्यांच्या अंगमेहनतीबरोबर त्यांचें ज्ञानही वापरण्यांत आलें होतें.

लुइझियानांतील 'गंबो' या दाट रश्शांत ही सारी कथा एकत्र सांपडते. हा शब्द मध्य आफ्रिकेंतील बांटू भाषांतल्या भेंडीच्या नांवावरून आलेला मानतात. रस्सा दाट करण्याच्या तेथें तीन रीती आहेत. भेंडी घालणें ही आफ्रिकन रीत. ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड घालणें ही चॉक्टॉ नांवाच्या मूळ रहिवाशांची रीत. आणि चरबींत पीठ खरपूस भाजून घेणें ही फ्रेंच रीत. तीन खंडांची देवघेव एका भांड्यांत शिजते. परंतु त्यांतले सर्वच कांहीं खुशीनें देणारे नव्हते, हें विसरतां येत नाहीं.

ही देवघेव पुष्कळ काळ तोंडीच चालली. नंतर ती पुस्तकांत उतरूं लागली. मेरी रँडॉल्फ या बाईंचें 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' हें पुस्तक १८२४ सालीं निघालें. दक्षिणेच्या स्वयंपाकावरील पहिलें मोठें पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. त्यांत भेंडीचें सार आहे, भेंडी आणि टोमॅटो एकत्र शिजविण्याची कृति आहे, आणि हिंदुस्थानी पद्धतीची 'करी' करण्याची कृतिही आहे. पुढें १८४७ सालीं 'द कॅरोलिना हाउसवाइफ' निघालें. तें सॅरा रटलेज यांचें होतें, परंतु कुलीन स्त्रीनें आपलें नांव छापणें त्या काळीं अप्रशस्त समजत. म्हणून वर फक्त 'चार्ल्स्टन येथील एक स्त्री' एवढेंच छापलें होतें. चवळी-भाताची कृति या पुस्तकांत आढळते.

या लेखिकांनीं निवड केली, मापें ठरविलीं, कृति नेटक्या शब्दांत मांडल्या. तें श्रेय त्यांचेंच आहे. पण भेंडी कशी शिजवावी, चवळींत तांदूळ केव्हां टाकावे, हें घरांत प्रथम कोणाला ठाऊक होतें? चुलीपुढच्या बाईला. ती लिहूं शकत नव्हती, कारण दक्षिणेंतील अनेक संस्थानांत गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. मालकिणीनें निदान 'एक स्त्री' म्हणून पुस्तकावर जागा घेतली. स्वयंपाकिणीला तेवढीही जागा मिळाली नाहीं.

ती जागा प्रथम घेणारी जी बाई आज माहीत आहे, तिचें नांव मॅलिंडा रसेल. ती टेनेसीची, स्वतंत्र कृष्णवर्णी स्त्री होती. मिठाईचें दुकान चालवून पोट भरीत असे. यादवी युद्धाच्या काळांत लुटारूंनीं तिला लुबाडलें, तेव्हां ती उत्तरेकडे मिशिगनमध्यें गेली. तेथें १८६६ सालीं तिनें पाककृतींचें एक लहान पुस्तक छापलें. पुस्तकाच्या विक्रींतून घरीं परत जाण्यापुरता पैसा मिळावा, ही तिची आशा होती. या पुस्तकाच्या आरंभीं तिनें आपण ही विद्या फॅनी स्टुअर्ड नांवाच्या व्हर्जिनियांतील कृष्णवर्णी स्वयंपाकिणीपाशीं शिकलों, असें लिहून ठेविलें आहे. आपण 'व्हर्जिनिया हाउसवाइफ'च्या पद्धतीनें स्वयंपाक करतों, हेंही तिनें सांगितलें आहे. म्हणजे जिच्याजवळ सर्वांत कमी होतें, तिनें गुरूचें ऋण मात्र पुरतें फेडलें. चुलीपुढच्या गुरूचें आणि छापील गुरूचेंही.

दुसरी ॲबी फिशर. गुलामगिरींत जन्मलेली ही बाई पुढें सॅन फ्रॅन्सिस्कोला गेली आणि तेथें तिच्या लोणच्यांना व मुरंब्यांना बक्षिसें मिळालीं. लोकांच्या आग्रहावरून तिनें १८८१ सालीं पुस्तक काढलें. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तिनें सांगावें आणि इतरांनीं लिहून घ्यावें, असें तें पुस्तक झालें. लिहून घेणाऱ्यांना दक्षिणेकडील उच्चारांची संवय नसावी. 'जांबालाया' या भाताच्या प्रकाराचें पुस्तकांत 'जंबरली' झालें, आणि मका व शेंगांच्या दाण्यांच्या 'सकोटॅश' या पदार्थाचें 'सर्किट हॅश' झालें. ही चूक वाचून हंसूं येतें. पण सांगणारीचा आवाज त्या चुकींतूनच आजही ऐकूं येतो.

नांवाप्रमाणेंच कृतीमागचें कारणही देवघेवींत गळून पडतें, आणि तें गळलें तर केवढा अनर्थ होतो हें मक्यानें दाखविलें. अमेरिकेंतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यांत शिजवून मग दळीत. मक्यांतील एक जीवनसत्त्व एरवीं शरीराला मिळत नाहीं. क्षाराच्या पाण्यानें तें मोकळें होतें. शिवाय ते लोक मक्याबरोबर घेवड्यासारखीं कडधान्यें खात. नव्या लोकांनीं मका घेतला, पण ही रीत सर्वत्र घेतली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं गिरणींतलें कोंब काढलेलें मक्याचें पीठ, काकवी आणि चरबी यांवरच दिवस काढणाऱ्या दक्षिणेंतील गरिबांत 'पेलाग्रा' नांवाचा रोग पसरला. अंगावर चट्टे, मग हगवण, मग बुद्धिभ्रंश, आणि शेवटीं मृत्यु, असा त्याचा क्रम होता. हजारों माणसें मेलीं. पुष्कळ डॉक्टर हा सांसर्गिक रोग समजत. सरकारनें १९१४ सालीं जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांस या कामावर नेमलें. त्यांनीं रोगाचें मूळ जंतूंत नसून ताटांत आहे, हें दाखवून दिलें. उणें काय पडतें तें १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांनीं शोधलें; तें निकोटिनिक ॲसिड. मूळ रहिवाशांच्या आजीबाईंना हें नांव ठाऊक नव्हतें, पण रीत ठाऊक होती. धान्य त्यांच्याकडून घेणाऱ्यांनीं रीतही विचारली असती, तर पुष्कळ जीव वांचले असते.

लहान प्रमाणांत हाच धडा 'बिस्किट' शिकविते. हें बिस्किट म्हणजे आपल्याकडील कडक, गोड बिस्किट नव्हे. गव्हाच्या पिठाचा तो मऊ, पापुद्रे सुटणारा, ताजा गरम पाव असतो. पिठांत थंड लोणी किंवा चरबी चोळतात, खाण्याचा सोडा टाकतात, ताक ओततात आणि हलक्या हातानें गोळा करून लगेच भट्टींत घालतात. ताकाचें आम्ल व सोडा एकत्र आले कीं वायु सुटतो. त्यानें पीठ फुगतें. वेळ लावला कीं वायु निघून जातो. फार मळलें कीं पिठाला चिवटपणा येतो. दक्षिणेंत मऊ जातीचा गहू होतो. त्यांत चिवटपणा आणणारें सत्त्व कमी असतें. उत्तरेकडील कठीण गव्हाचें पीठ घेऊन तेंच माप, तेंच ताक, तोच सोडा वापरला तरी बिस्किट घट्ट होतें. केवळ माप लिहून घेणारी बाई अशा वेळीं आपल्या हाताला दोष देते. कारण लिहून घेणारी पिठाला दोष देते, आणि बरोबर ठरते.

हा अनुभव पुष्कळांना आला असेल, कारण सुमारें १९१० ते १९७० या काळांत साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णी लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यू यॉर्क अशा शहरांकडे गेले. वर्णभेदामुळें वाटेंत खाणावळी त्यांना बंद असत. म्हणून जोड्यांच्या रिकाम्या खोक्यांत तळलेली कोंबडी, उकडलेलीं अंडीं व केक बांधून घेऊन ते निघत. नव्या शहरांत दक्षिणेचें जेवण ही त्यांची एक खूण झाली. १९६० नंतरच्या दशकांत त्याला 'सोल फूड' म्हणजे आत्म्याचें अन्न, असें नांव रूढ झालें.

या कथेंत हिंदुस्थानचेंही एक नांव हरवलेलें आहे. जॉर्जिया व दक्षिण कॅरोलिनांत 'कंट्री कॅप्टन' नांवाचा पदार्थ आवडीनें करतात. कोंबडीच्या रश्शांत करीचा मसाला, टोमॅटो, मनुका घालतात आणि वर बदाम पेरून भाताबरोबर वाढतात. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियांतील वॉर्म स्प्रिंग्ज येथें उपचारासाठीं जात, तेव्हां त्यांना तो फार आवडे. कंपनी सरकारच्या काळांत हिंदुस्थानांत चालणाऱ्या व्यापारी जहाजांना इंग्रज 'कंट्री' हें विशेषण लावीत; अशाच जहाजाच्या कप्तानानें हा पदार्थ नेला, अशी दंतकथा सांगतात. दंतकथेंत कप्तान आहे. कप्तानाला रांधून घालणारा खानसामा मात्र नाहीं. सव्हाना आणि चार्ल्स्टन हीं दोन्ही शहरें त्या पदार्थावर आपला हक्क सांगतात.

एकदां मात्र नांव नसणें हेंच मोठें बळ ठरलें. अलाबामांतील माँटगोमेरी शहरांत ५ डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णी लोकांनीं बसगाड्यांवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठीं मोटारी लागत. मोटारींना पेट्रोल लागे. पेट्रोलला पैसा लागे. जॉर्जिया गिल्मोर नांवाच्या स्वयंपाकीणबाईंनीं शेजारच्या बाया जमविल्या. त्या घरोघर कोंबडीचे सँडविच, केक, रताळ्याचे गोड 'पाय' करून विकीत आणि पैसा चळवळीला देत. या मंडळाचें नांव त्यांनीं 'कोठूनही न आलेलें मंडळ' अशा अर्थाचें ठेविलें होतें. पैसा कोठून आला असें कोणीं विचारलें, तर 'कोठूनही नाहीं' हें उत्तर खरेंच असे. आणि गोऱ्यांच्या घरीं कामाला असलेल्या बायांची नोकरी वांचे. गिल्मोरबाईंनीं स्वतः मात्र १९५६ सालीं मार्टिन लूथर किंग यांच्या खटल्यांत उघड साक्ष दिली आणि नोकरी गमावली. मग त्यांनीं आपल्या घरींच खाणावळ घातली. किंग स्वतः तेथें जेवावयास येत. नांव झाकलें तें त्या बायांनीं आपल्या इच्छेनें. इतरांनीं नांव पुसणें आणि स्वतः नांव झाकणें, यांतला फरक येथें दिसतो.

पुसलेलीं नांवें पुन्हा लिहिण्याचें कामही पुढें सुरू झालें. एड्ना लुइस या १९१६ सालीं व्हर्जिनियांतील फ्रीटाउन या खेड्यांत जन्मल्या. गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांनीं तें खेडें वसविलें होतें, आणि त्यांत त्यांचे आजोबा होते. घरांत मापाचे चमचे नव्हते, म्हणून भाजण्याची पूड नाण्यावर मावेल तेवढी घेत. केक झाला कीं नाहीं, हें लुइसबाई कान लावून ऐकत. आंतला बुडबुड आवाज मंदावला कीं तो झाला. त्यांचें 'द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग' हें पुस्तक १९७६ सालीं निघालें. तें ऋतूंप्रमाणें लावलेलें आहे, आणि प्रत्येक जेवणामागें तें गांव आहे, तीं माणसें आहेत. २०१४ सालीं अमेरिकन टपालखात्यानें त्यांच्या चित्राचें तिकीट काढलें. १९९९ सालीं मिसिसिपी विद्यापीठांत एक संस्था स्थापन झाली. ती दक्षिणेंतील स्वयंपाकी, शेतकरी, खाणावळवाले यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवते. टोनी टिप्टन-मार्टिन यांनीं २०१५ सालीं कृष्णवर्णी लेखकांच्या दीडशेंहून अधिक पाकपुस्तकांची ओळख करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. दक्षिणेंतील ही बाई नुसत्या 'अंगच्या गुणानें' रांधते, तिला शास्त्र ठाऊक नाहीं, हा जुना समज त्यानें खोटा पाडला.

या सर्वांवरून घरांतल्या वहीसाठीं एक साधा नियम निघतो. कृति उतरून घेतांना तीन गोष्टी लिहाव्या: माप, कारण आणि नांव. पहिलीनें पदार्थ होतो, दुसरीनें तो बिघडला तर सुधारतां येतो, आणि तिसरीनें ज्याचें त्याला मिळतें. नमुना म्हणून कॉर्नब्रेडचीच कृति पाहावी. रवाळ मक्याचें पीठ दोन वाट्या, चहाचा पाऊण चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ एकत्र करावें. दीड वाटी दाट आंबट ताकांत एक अंडें फेटून तें पिठांत ओतावें आणि नुसतें ढवळून घ्यावें. बिडाचा खोलगट तवा तीन मोठे चमचे लोणी किंवा चरबी घालून भट्टींत चांगला तापवावा. मग त्यांत पीठ ओतून सुमारें २२० अंश सेंटिग्रेडवर वीस-पंचवीस मिनिटें भाजावें.

कारण असें कीं, तवा आधीं तापला नाहीं तर खालचा पापुद्रा खरपूस होत नाहीं. आणि पीठ भिजवून ठेविलें तर सोड्याचा जोर निघून जातो. साखर घालावी कीं नाहीं यावर दक्षिणेंत घरोघर वाद आहेत, तेव्हां तें ज्याच्या त्याच्या घरावर सोंपवावें. आणि नांव? ही कृति कोणा एकीची नव्हे. मका मूळ रहिवाशांचा, ताक युरोपियनांचें, आणि ती रोजच्या रोज रांधणारे हात बहुधा अशा बायांचे, ज्यांचें नांव कोठें लिहिलेलें नाहीं. वहींत कृतीखालीं एवढें तरी लिहावें.